पानं बाहेर जात नाहीत

गेल्या मे महिन्यात मी टोकियोला गेले होते. फिरायला म्हणून गेलेच नव्हते, बाळंतपण करायला गेले होते. भावजयीचं दुसरं बाळ, तिच्या आईचे गुडघे धरलेले, आणि मला शाळेची सुट्टी. धाकट्या भावानं तिकीट काढलं आणि म्हणाला, "आपा, तूच ये." बॅगेत डिंक, अळीव, सुंठ, खारीक भरली आणि गेले. पाच आठवड्यांतले चार तर स्वयंपाकघर, बाळाची अंघोळ आणि पाच वर्षांच्या भाच्याशी गप्पा यातच संपले. त्याला मराठी येते, उर्दू समजते, जपानी तो बालवाडीत बोलतो आणि तिन्हींची खिचडी करून मला कोड्यात टाकतो.

बाळ तीन आठवड्यांचं झाल्यावर भाऊ म्हणाला, "चल, या शुक्रवारी तुला बाहेर काढतो. आधी जुम्मा, मग जंगल."

टोकियोत जंगल? मला वाटलं, बाग म्हणत असेल.

जुम्म्यासाठी आम्ही योयोगी-उएहाराच्या टोकियो जामी मशिदीत गेलो. बाहेरून पाहिलं तर इस्तंबूलहून उचलून आणून ठेवल्यासारखी, कारण सध्याची इमारत तुर्कांनी बांधलेली, २००० सालची. पण त्या जागेवरची पहिली मशीद १९३८ ची. रशियन क्रांतीनंतर पळून, वणवण करत जपानपर्यंत पोचलेल्या तातार मुसलमानांनी ती उभी केली. बायकांसाठी वर सज्जा आहे. तिथून खाली पाहिलं तर इंडोनेशियाचे, पाकिस्तानचे, आफ्रिकेतले, तुर्की, जपानी असे सगळे एका सफेत. आमच्या गावात मला मशिदीत नमाज पढायला मिळत नाही. त्यामुळे त्या सज्जात मी जरा जास्तच वेळ बसून राहिले, हे कबूल करते.

मला आणखी एक माणूस आठवत होता. भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह १९०९ मध्ये टोकियोत आले आणि परदेशी भाषांच्या सरकारी शाळेत हिंदुस्थानी, म्हणजे आपली उर्दू, शिकवू लागले. इंग्रजांविरुद्ध लिहायचे. इंग्रजांनी जपानवर दबाव आणला आणि १९१४ मध्ये त्यांची नोकरी गेली. शंभरावर वर्षांपूर्वी या शहरात एक उर्दूचा मास्तर फळ्यासमोर उभा होता, या विचारानं मला उगीच आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. आणि आम्ही दुपारी जिथे जाणार होतो, ते जंगल ज्या सम्राटाच्या आठवणीसाठी लावलं, तो सम्राट मेइजी वारला १९१२ मध्ये. मौलवीसाहेब तेव्हा टोकियोतच होते.

मशिदीपासून मेट्रोची दोन स्टेशनं. वर आलं की हाराजुकु. रंगीत केसांच्या मुली, क्रेपच्या दुकानांसमोर रांगा, मोबाइल उंच धरून चालणारी गर्दी. एक छोटा पूल ओलांडला आणि समोर लाकडाची भली थोरली कमान, तिला तोरिई म्हणतात. तिच्या आत पाऊल टाकलं आणि आवाज बंद झाला. अचानक बंद झाला असं नाही, पण वीसेक पावलांत मागचं शहर विरत गेलं आणि उरला तो फक्त खडीवर पडणाऱ्या पायांचा चर्रर्र आवाज. रस्ता रुंद, दोन्ही बाजूंनी झाडं इतकी उंच की फांद्या वर एकमेकींत गेलेल्या. हवा दोन-तीन अंशांनी तरी थंड. भाचा म्हणाला, "फुफी, इथे हळू बोलायचं." कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

त्याच वेळी अम्मीचा फोन आला. व्हिडिओवर झाडं दाखवली. खूश झाली. मग मागे ती कमान दिसली.

"हे काय, देऊळ आहे?"

"शिंतो लोकांचं आहे अम्मी. आम्ही जंगल बघायला आलोय."

"जंगल बघायला देवळात कशाला जावं लागतं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, नंतर सांगते.

अम्मीला मी खरं तर तिच्याच गावातलं उदाहरण देऊ शकले असते. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. शाळेत जायच्या वाटेवर देवराई होती. आत ग्रामदेवतेचं छोटं ठाणं, पण आम्हा पोरींच्या लेखी देवराई म्हणजे अंधार, गारवा आणि पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही हा दंडक. हिंदूंची पोरं उचलत नसत, आम्हीही उचलत नसू. जळणाला लाकूड कमी पडलं तरी अम्मी त्या बाजूला कधी फिरकली नाही. जपानमध्ये गावोगावी देवस्थानाभोवती अशी राखलेली रानं आहेत. त्यांना 'चिंजु नो मोरी' म्हणतात. मोरी म्हणजे वन. जुन्या जपानी काव्यात तर देवस्थानासाठी असलेली चिनी चित्रलिपीतली खूणही कधी कधी 'मोरी' अशीच वाचली जाते. आधी रान, मग त्यात देऊळ, असा तो क्रम असावा. 'राई'ला 'देव' जोडणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको.

मेइजी जिंगूची गंमत अशी, की इथे क्रम उलटा आहे. इथे रान नव्हतंच.

सम्राट मेइजी आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १९१४ मध्ये, सम्राज्ञी शोकेन वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ देवस्थान बांधायचं ठरलं. जागा निवडली ती बहुतेक उघडी: शेतं, गवताळ माळ, दलदल, कुठे कुठे पाइनची झाडं. देवस्थान म्हटलं की वन हवंच, पण वन आणायचं कुठून? काम दिलं होंडा सेइरोकू नावाच्या वनशास्त्रज्ञाकडे. ते तेव्हा पन्नाशीला टेकलेले. सोबत त्यांचे विद्यार्थी होंगो ताकानोरी आणि उएहारा केइजी. उएहारा तर जेमतेम पंचविशीतले.

त्या वेळचे पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू यांना हवे होते सुगी. सुगी म्हणजे ते सरळसोट, उंच जपानी देवदार, इसे आणि निक्कोच्या देवस्थानांभोवती असतात ते. रुंद पानांच्या झाडांचं रान म्हणजे त्यांना झुडुपांची गचपण वाटत होती, सम्राटाच्या इतमामाला न शोभणारी. होंडांनी नाही म्हटलं. पंतप्रधानांना. निक्कोचे सुगी आणि टोकियोचे सुगी यांची वाढ कशी वेगळी, हे खोडांचा अभ्यास मांडून दाखवलं. सुगीला गारवा आणि पाणी लागतं. इथे कोरडी जमीन, शेजारून रेल्वे, कारखान्यांचा धूर. आज लावले तर दिसतील छान, पण टिकणार नाहीत. शेवटी पंतप्रधानांनी ऐकलं. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. शास्त्र सांगणारा गुरुजी आणि ऐकणारा मंत्री, दोघंही एका वेळी हजर असणं ही दुर्मीळ गोष्ट.

मग त्यांनी आराखडा काढला तो दीडशे वर्षांचा. चार टप्पे. सुरुवातीला वर उंच पाइन, म्हणजे देवस्थान उघडं-बोडकं दिसायला नको. त्यांच्याखाली हिनोकी, सावारा असे वाढणारे सूचिपर्णी. त्यांच्या खाली, अगदी तळाला, ओक, शी आणि कापूर यांची रोपं. पन्नासेक वर्षांत पाइन मागे पडतील, मग सूचिपर्णी मागे पडतील, आणि शंभर-दीडशे वर्षांनी खालची रुंद पानांची सदाहरित झाडं वर येऊन राज्य करतील. त्यानंतर कुणी काही लावायचं नाही, पाणी घालायचं नाही, ती आपलं बी आपणच पाडतील, आपली पोरं आपणच वाढवतील. थोडक्यात, लावलेली निम्मी झाडं मरण्यासाठीच लावली होती. खालच्यांना सावली देऊन बाजूला व्हायचं, एवढंच त्यांचं काम.

देशभरातून सुमारे १ लाख झाडं लोकांनी पाठवली. ३६५ जातींची. टोकियोतल्या प्राथमिक शाळांच्या पोरांनीही दिली. खड्डे खणायला, माती वाहायला गावोगावच्या तरुण मंडळांतून सुमारे १ लाख १० हजार लोक आले. १९१५ ला काम सुरू झालं, १९२० ला देवस्थान उघडलं. सुमारे ७० हेक्टर. आज झाडं ३६ हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे पुष्कळ कमी झाली, पण ती अशी आहेत की दोघांच्या कवेत मावत नाहीत. २०११ पासून झालेल्या पाहणीत या रानात ३००० च्या जवळपास जातींचे जीव सापडले. एका महानगराच्या पोटात.

होंडा १९५२ मध्ये वारले. त्यांनी काय पाहिलं असेल? पाइनच पाहिले असतील बहुतेक. मधल्या काळात १९४५ च्या हवाई हल्ल्यांत मुख्य देऊळ जळून गेलं. रान बहुतांशी वाचलं. आजचं देऊळ १९५८ चं आहे, त्यामुळे खरं सांगायचं तर देवळापेक्षा रानच जुनं.

आता थोडं वाकडं बोलते. सगळंच इतकं गोड नाही.

ती कमान, जिच्याखालून आम्ही आत आलो, तसली आणखी एक पुढे वळणावर आहे. १२ मीटर उंच, लाकडी कमानींमध्ये जपानातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. आधीचीवर १९६६ मध्ये वीज पडली, म्हणून १९७५ मध्ये नवी उभारली. लाकूड कुठून आणलं? तैवानच्या डोंगरातून. दीड हजार वर्षं वयाचा सायप्रस. इथे एक पान उचलायचं नाही आणि तिकडे दीड हजार वर्षांचं झाड पाडायचं! भावाला म्हटलं, तर तो म्हणाला, "आपा, तुला कुठेही नेलं तरी तू पेपर तपासायला बसतेस."

आणि दुसरं, जास्त गंभीर. हा सम्राट फक्त झाडं आवडणारा भला गृहस्थ नव्हता. १८९० मध्ये त्याच्या नावानं शिक्षणविषयक आज्ञापत्र निघालं. ते पुढे पन्नासहून जास्त वर्षं शाळाशाळांत वाचलं जाई, मुलं माना झुकवून ऐकत, सम्राटाच्या तसबिरीला वाकत. कोरिया जपानच्या ताब्यात होता, तेव्हा सेऊलमध्ये १९२५ साली एक मोठं शिंतो देवस्थान उभारलं. तिथे पुजल्या जाणाऱ्या दोघांपैकी एक हाच सम्राट मेइजी. १९३० च्या दशकात कोरियन लोकांना, त्यांच्या शाळांना, ख्रिश्चनांनाही, अशा देवस्थानांपुढे वाकायची सक्ती झाली. ज्यांनी नकार दिला त्यांनी तुरुंग पाहिला. ते देवस्थान १९४५ नंतर पाडलं गेलं. मी शाळेत शिकवते. प्रार्थनेच्या वेळी कुणाचे ओठ हलतात आणि कुणाचे नाही, हे मोजणारे डोळे कसे असतात ते मला ठाऊक आहे. म्हणून मुख्य देवळाच्या अंगणात शिरताना माझी पावलं जड झाली होती. जंगलासाठी आले होते, पण आता समोर तेच होतं, ज्याच्यापुढे माणसांना वाकवलं गेलं होतं.

त्याआधी वाटेत एक गंमत झाली. रस्त्याच्या एका बाजूला साके दारूची पिंपं रचून ठेवलेली, सुंदर रंगीत अक्षरांची, देवस्थानाला अर्पण केलेली. समोर दुसऱ्या बाजूला फ्रान्सच्या वाइनची पिंपं. भाच्यानं विचारलं, यात काय आहे. भाऊ म्हणाला, "काही नाही, रिकामी आहेत." साकेची तर खरंच शोभेची असतात म्हणे. तरी आम्ही तिघं त्या दोन भिंतींच्या मधून, डोक्यावर ओढणी, डोक्यावर टोपी अशा थाटात चाललो होतो आणि समोरून येणाऱ्या एका आजीबाईंना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही.

अंगणाच्या आधी हात धुवायची जागा आहे. छपराखाली वाहतं पाणी. आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन तोंड खळबळायचं. भाचा बघत राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "फुफी, वुजू! पण चूक करतायत, उजवा आधी." त्याला हसून गप्प केलं. मी हात धुतले, उजवा आधी. माझं वुजू होतंच, जुम्म्याचं. पण पाणी गार होतं आणि हात धुवायला कुणाचीच मनाई नसते.

देवळासमोर लोक रांगेत येत, दोनदा वाकत, दोनदा टाळी वाजवत, पुन्हा एकदा वाकत आणि बाजूला होत. कुणी ऑफिसच्या कपड्यांत, कुणी लहान मुलाला घेऊन. मी दोन-तीन मीटर मागे, एका खांबापाशी उभी राहिले. हात बाजूला. वाकले नाही. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहारेकऱ्यानं फक्त एकदा भावाला खूण केली, इथून फोटो नको. एवढंच. माझ्या मनात जे एवढं मोठं होतं, ते तिथे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. त्या क्षणी मी ज्याला वाकत होते त्याला मनात 'शुक्र' म्हटलं आणि समोर एक पोरगी डोळे मिटून काय मागत असेल याचा विचार करत राहिले. परीक्षा असेल, की आईचं आजारपण? जवळच एका मोठ्या कापराच्या झाडाभोवती लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगलेले होते. किती लिप्या होत्या त्यावर! कोरियनही होती. ती पाटी पाहून मी बराच वेळ उभी राहिले.

कापराचं झाड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. कापूर माहीत होता. मराठी घरात तो आरतीच्या ताटात असतो. आमच्या घरात तो मय्यतीच्या गुस्लाला असतो. शेवटच्या पाण्यात काफूर घालतात, सज्द्यात जमिनीला टेकणाऱ्या अवयवांना लावतात. सदाहरित झाडांची पानं गळतच नाहीत असं मला वाटायचं. पण कापूर वसंतात नवी पालवी आली की जुनी पानं लाल करून टाकून देतो. मेच्या त्या दिवसांत खाली तशी पानं पडलेली. भाच्यानं एक उचललं, चुरगळलं आणि माझ्या नाकाशी आणलं. "वास घे."

आणि मी टोकियोत नव्हते. मी आमच्या घराच्या मागच्या पडवीत होते, पडद्याच्या अलीकडे. पडद्यापलीकडे अब्बांना गुस्ल चाललं होतं.

अब्बा एसटीत मेकॅनिक होते. दादी वारली तेव्हा मी सात वर्षांची. त्या पावसाळ्यात अब्बांनी कब्रस्तानात बकुळीची दोन रोपं लावली, एक दादीच्या कबरीपाशी, एक जरा लांब, कुंपणाजवळ. दोन उन्हाळे सायकलला कॅन बांधून पाणी नेलं. मागच्या कॅरियरवर मी. मी झारी धरायची आणि अब्बा म्हणायचे, "हळू, मुळाशी दे, पानांवर नको." बकूळ फार हळू वाढते. मी विचारायची, फुलं कधी? ते म्हणायचे, तुझ्या पोरांना विचार. मग मी मोठी झाले आणि एक दिवस मला बाहेरच थांबायला सांगितलं. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. त्यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत हे मी पुढे वाचलं, पण गावात मतभेद नाहीत.

अब्बांना त्या कुंपणाजवळच्या बकुळीपाशी पुरलं. मी अंत्ययात्रेला नव्हते, दफनाला नव्हते. पण शाळेच्या रस्त्यावरून भिंतीवरून ती बकूळ दिसायची. एवढंच माझ्यापाशी होतं. रोज सकाळी सव्वासातला तिथून जाताना सलाम म्हणायचे. फुलांच्या दिवसांत वास भिंतीबाहेर येई. मुलांना शब्दसंग्रह शिकवताना फळ्यावर लिहायचे: बकूळ, मौलसरी.

तीन वर्षांपूर्वी कमिटीनं कब्रस्तानाचं सुशोभीकरण केलं. पेव्हर ब्लॉकची वाट, रंगवलेली भिंत, सोलरचे दिवे. चांगली कामं आहेत, पावसात चिखलातून जनाजा नेताना लोकांचे हाल व्हायचे. पण भिंतीला मुळं लागतात म्हणून आणि पानांचा कचरा होतो म्हणून कुंपणाकडची झाडं काढली. मला कळलं ते सकाळी सव्वासातला. सलाम म्हणायला मान वळवली आणि वर नुसतं आकाश. मी शाळेत गेले, हजेरी घेतली. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "झाड गेलं, कबर कुठे गेली?" त्याचं बरोबर होतं. त्याला आत जाता येतं.

हे सगळं मी त्या कापराच्या झाडाखाली भावाला पहिल्यांदा सांगितलं. त्याला झाड काढल्याचं माहीतच नव्हतं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "आपा, इथे आम्हाला कबरीची जागाच मिळत नाही." जपानमध्ये जवळजवळ सगळ्यांचं दहन होतं. मुसलमानांसाठी कब्रस्तानं मोजकी आहेत, फार दूर दूर. क्युशूमधल्या ओइता भागात नव्या कब्रस्तानाचा प्रस्ताव वर्षानुवर्षं अडकून पडला, आसपासच्या लोकांना पिण्याच्या पाण्याची भीती. "मी इथे मेलो तर कुठे, हा विचार या बाळाच्या वेळी पहिल्यांदा आला," असं तो म्हणाला. मी त्याला झापलं, बाळंतिणीच्या घरात असलं बोलू नये म्हणून. पण त्याचा प्रश्न काही झापण्यानं गेला नाही.

परत निघालो. आणि तेव्हा मी ते पाहिलं, ज्यासाठी हा सगळा लेख लिहिते आहे.

खडीच्या रस्त्यावर गणवेशातला एक माणूस बांबूचा खूप रुंद झाडू घेऊन पानं लोटत होता. घाई नाही. एका लयीत, डावीकडून उजवीकडे. अशा झाडूवाल्यांना तिथे 'हाकिया-सान' म्हणतात, आदरानं. पानांचा ढीग झाला. मी वाट बघत होते, आता गाडी येईल, पिशवी येईल. त्यानं ढीग उचलला आणि झाडांच्या मुळाशी, रानात, नेऊन पसरला. पुन्हा रस्त्यावर आला. पुन्हा तेच. भावानं सांगितलं, इथली रीतच ती आहे. १९२० पासून. रस्ता देवळाचा, पानं रानाची. एक पान बाहेर जाऊ द्यायचं नाही. त्याचीच माती होते, त्याच मातीवर हे रान बिनखताचं उभं आहे. वादळात झाड पडलं तर तेही आतच कुजू देतात, फक्त वाटेत आलेलं तेवढं बाजूला करतात.

भाच्याच्या खिशात ते लाल पान होतं. आईला दाखवायला, बाळाला वास द्यायला. मी म्हटलं, ठेव परत. तो रडकुंडीला आला. "एकच तर आहे!" मी त्याला ते झाडू मारणारे काका दाखवले आणि म्हटलं, बघ, ते एकेक मोजतायत. खोटं बोलले. पण तो धावत गेला आणि काकांच्या ढिगाऱ्यावर आपलं पान ठेवून आला. काकांनी त्याला वाकून नमस्कार केला. तोही वाकला. मी काही म्हटलं नाही.

रात्री अम्मीला फोन केला. सगळं सांगितलं, हात धुतल्याचं, न वाकल्याचं, भाचा वाकल्याचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बकूळ काढली तेव्हा तू मला का नाही बोललीस?" तीही त्याच रस्त्यानं जायची. तिनंही मला सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी कमिटीला अर्ज लिहिला, एक उर्दूत, एक मराठीत. नवी भिंत पाडा असं म्हटलं नाही. भिंतीपासून आठ-दहा फूट आत, वाटेला आड येणार नाहीत अशी बकुळीची चार रोपं लावू द्या, रोपं आणि कुंपणाच्या जाळीचा खर्च माझा, दोन उन्हाळे पाण्याची जबाबदारी माझ्या दहावीच्या मुलांची. आणि पानं जाळू नका, कोपऱ्यात कुजू द्या. जुम्म्यानंतर अर्ज वाचला म्हणतात. एकानं विचारलं, बाईंना मध्येच हे काय सुचलं. दुसऱ्यानं सांगितलं, जपानला जाऊन आल्यात. बघू म्हणाले. मान्सून अर्धा संपत आला तरी बघतायत. रोपं माझ्या अंगणात पिशव्यांमध्ये आहेत, वीतभर झालीत.

पण एक झालं. कब्रस्तानाची राखण करणारे चाचा, जे कबरी खणतात आणि झाडलोटही करतात, त्यांना मी एका सकाळी फाटकापाशी थांबवलं. फाटकाच्या बाहेर मी, आत ते. त्या हाकिया-सानची सगळी गोष्ट सांगितली. रुंद झाडू, ढीग, पानं परत रानात. चाचांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "जाळलं की धूर माझ्याच डोळ्यांत जातो. टाकतो कोपऱ्यात, त्यात काय?" आणि खरंच, पाठीमागच्या कोपऱ्यात आता ओला काळा ढीग दिसतो. भिंतीवरून नाही दिसत, फाटकातून डोकावलं तर दिसतो.

मी निघाले तर चाचांनी पुन्हा हाक मारली.

"मॅडम, त्या झाडूवाल्याला तिकडे पगार किती देतात?"

ते मी विचारलंच नव्हतं.